मैदानातला गडी आणि धंद्यातली उधारी



शेतकी खात्याचा लेख म्हटला की त्यात खताची मात्रा, लागणीचे अंतर आणि तुटाळी भरण्याची सूचना असणार, हे आपण गृहीतच धरलेले असते. या वेळी तेही थोडे येईल. पण आधी एक वेगळी हकिकत सांगतो. ती सांगण्यामागे माझा थोडा स्वार्थही आहे, तो वाचता वाचता ध्यानात येईल.

तासगाव भागातल्या आपल्या एका सभासदाचा मुलगा. नाव देत नाही, कारण त्याला ते आवडणार नाही. कॉलेजात असताना चढाईचा पक्का गडी, विद्यापीठाच्या कबड्डी स्पर्धेपर्यंत खेळून आलेला. पदवी झाली, भरतीला दोनदा जाऊन आला, थोडक्यात हुकला. मग घरच्या विहिरीशेजारी शेडनेट मारून त्याने ऊस रोपवाटिका टाकली. पहिल्या वर्षी रोपांना कोणी विचारले नाही. दुसऱ्या वर्षी आडसालीला एकही रोप शिल्लक राहिले नाही. आणि ऐन त्याच वेळी तो गट ऑफिसला येऊन बाकावर बसला.

"साहेब, धंदा चाललाय का बुडालाय, तेच कळंना झालंय."

"का रे? रोपं तर सगळी खपली तुझी."

"खपली हो. पण रोपं न्या म्हणलं की नेत्यात, आन पैसं म्हणलं की 'बिलावर देतो' म्हणत्यात. सगळी वडलांच्या वळखीची. तात्यांना, आण्णांना कसं आडवायचं?"

त्याने वही पुढे केली. नावे वाचून मलाच संकोच वाटला. निम्मी नावे माझ्या बैठकीला पहिल्या रांगेत बसणाऱ्या मंडळींची होती.

'बिलावर' या शब्दाचा अर्थ आपणा सर्वांस ठाऊक आहे, पण तो रोपवाटिकेच्या बाजूने कधी कोणी मोजला आहे काय? आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान होते. तो ऊस तुटतो १६ ते १८ महिन्यांनी. तुटल्यावर कायद्याप्रमाणे १४ दिवसांत एफआरपीची रक्कम द्यावयाची असते, ते सोडा. म्हणजे जुलैत नेलेल्या रोपाचे पैसे पुढल्या वर्षीच्या डिसेंबरात. तेवढ्या काळात त्या पोराला कोकोपीट, ट्रे, बेणे आणि बायकांचा रोज हे सारे रोखीने भागवायचे आहे. साडेचार बाय दोन फुटांवर एकरी ४,८४० रोपे लागतात. समजा रोप अडीच रुपयांना धरले तर एका एकराचे १२,१०० रुपये. वीस एकरांची रोपे उधारीवर गेली की २,४२,००० रुपये दीड वर्ष लोकांच्या रानात गाडून बसले. पोरगा मैदानात कितीही चपळ असला तरी या पकडीतून कसा सुटणार?

खेळाडू आणि पैसा यांचा विषय निघाला की आपल्या भागात पहिले नाव खाशाबा जाधवांचे येते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला ५७ किलो गटात कांस्यपदक घेऊन आला, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जाण्यासाठी मात्र पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. परत आल्यावर स्टेशनपासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे बहुतेकांनी ऐकलेले आहे. पण मला त्यानंतरची गोष्ट मोठी वाटते. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून पहिल्यांदा गुरुजींचे घर सोडवले. पुढे १९५५ ला ते पोलिस खात्यात फौजदार झाले. धंद्याच्या वाटेला ते गेले नाहीत.

धंद्याच्या वाटेला गेलेल्या कॉलेजच्या खेळाडूची गोष्ट मला सापडली ती थेट अमेरिकेतली. माणूस आज जगातल्या मोठ्या धनिकांत मोजला जातो, म्हणून आपल्याला काय त्याचे असे वाटेल. पण त्याची पहिली दहा-बारा वर्षे वाचली तेव्हा मला ती या पोराच्या वहीसारखीच वाटली, म्हणून सांगतो.

फिल नाइट हे त्याचे नाव. जन्म १९३८, ओरेगॉन राज्यातला. तिथल्या विद्यापीठाच्या संघात तो मधल्या पल्ल्याच्या शर्यती धावायचा. संघातला अव्वल नव्हे, पण चिकट. त्यांचे प्रशिक्षक बिल बोवरमन हे अवलिया गृहस्थ. पोरांचे बूट ते स्वतः उसवायचे, वजन कमी करून पुन्हा शिवायचे आणि ते घालून धावून बघायला नाइटला सांगायचे. नाइट पुढे व्यापाराचे शिक्षण घ्यायला गेला. तिथे त्याने एक निबंध लिहिला. जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांची बाजारपेठ घेतली, तसे जपानी बूट जर्मन बुटांचे करतील काय, असा त्याचा विषय. निबंध लिहून लोक विसरतात. हा १९६२ ला जपानात कोबे शहरी ओनित्सुका कंपनीच्या दारात जाऊन उभा राहिला. तुमची पेढी कोणती, असे त्यांनी विचारले. पेढी होती कुठे? तिथल्या तिथे त्याने एक नाव ठोकून दिले, ब्लू रिबन स्पोर्ट्स.

नमुन्याचे बारा जोड यायला वर्षावर काळ लागला. त्यातले दोन त्याने बोवरमन गुरुजींना पाठवले. त्याला वाटले होते, गुरुजी फार तर आपल्या संघासाठी काही जोड घेतील. गुरुजी म्हणाले, मला भागीदार करून घे. १९६४ च्या सुरुवातीला दोघांनी पाचशे-पाचशे डॉलर घातले. त्या वेळी डॉलर पावणेपाच रुपयांच्या आसपास होता, म्हणजे प्रत्येकी सुमारे २,४०० रुपये. निर्णय कुठे अडू नये म्हणून शिष्याचा हिस्सा ५१ टक्के आणि गुरूचा ४९. (आपल्याकडे भावाभावांतही हे कागदावर लिहिताना हात थरथरतो.)

पहिल्यांदा मागवले ३०० जोड. दुकान नव्हते. दुकानदारांनी दारात उभे केले नाही, तेव्हा त्याने आपल्या मोटारीच्या डिकीत बूट भरले आणि जिथे शर्यती असतील त्या मैदानावर जाऊन शर्यतींच्या मधल्या वेळात तो पोरांशी नि त्यांच्या प्रशिक्षकांशी बोलत बसू लागला. याआधी त्याने ज्ञानकोश विकून पाहिले होते, ते जमले नव्हते. बूट मात्र हातोहात गेले, कारण धावणाऱ्याचा पाय कुठे दुखतो ते त्याला स्वतःच्या पायावरून माहीत होते. पहिल्या वर्षीची विक्री ८,००० डॉलर, दुसऱ्या वर्षी २०,०००.

आणि इथून त्याची ओढाताण सुरू झाली. विक्री वर्षाला दुप्पट होत होती, पण येणारा प्रत्येक डॉलर पुढच्या मालात जात होता, हातात शिल्लक काहीच नाही. बँकेचा साहेब म्हणे, तुमचे स्वतःचे भांडवल किती, आणि तुम्ही माल मागवता किती? जरा दमाने घ्या. धंदा चालतो म्हणून बँक रागावते, हे नाइटला उमगत नव्हते. पण बँकेचेही अगदीच चूक नव्हते. घर चालवायला तो हिशेबनिसाची नोकरी करीत होता, पुढे कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवू लागला. धंद्यातून पगार घेण्याइतपत स्थिती यायला पाच वर्षे गेली. नोकरी सोडून धंद्यात उडी घेणे शूरपणाचे असते, पण याने शूरपणा केला नाही आणि म्हणून तो तगला, असे माझे मत.

त्याची माणसेही मैदानातलीच. पहिला पूर्णवेळ नोकर जेफ जॉन्सन हा दुसऱ्या विद्यापीठाचा जुना धावपटू. तो प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक कार्ड ठेवी. पायाचे माप, कोणता बूट नेला, कुठे चावला, कोणती शर्यत जवळ आली, सगळी नोंद. दुसरा बॉब वुडेल. विद्यापीठात लांब उडी मारायचा, पण एका अपघातात कमरेखालचे बळ गेले आणि चाकाच्या खुर्चीत आला. पुढे कंपनी अडली तेव्हा या वुडेलच्या आईवडिलांनी आयुष्यभराची पुंजी, ८,००० डॉलर, काढून दिली. वाचताना मला खर्डेकर गुरुजींचे गहाण पडलेले घर आठवले.

बोवरमन गुरुजींनी १९७१ च्या सुमारास बायकोच्या वॅफलच्या साच्यात, म्हणजे जाळीदार गोड घावनासारखा पदार्थ भाजायच्या साच्यात, रबरासारखे रसायन ओतून तळव्याची नवी नक्षी काढली. साचा कायमचा चिकटला, तळवा मात्र गाजला. त्याच सुमारास कंपनीला 'नायके' हे नाव आणि बरोबरच्या खुणेसारखे चिन्ह मिळाले. चिन्ह काढणाऱ्या विद्यार्थिनीला तेव्हा दिले ३५ डॉलर. १९७५ ला तर बँकेने खाते बंद करून बाहेर काढले, पगाराचे धनादेश परत गेले. निशो नावाच्या जपानी व्यापारी पेढीने बँकेचे देणे भागवले म्हणून कंपनी वाचली. पुढे १९८० ला भागभांडवल लोकांसाठी खुले झाले, वगैरे मोठी कथा आहे, ती आपल्या कामाची नाही.

आपल्या कामाची आहे ती सत्तरीच्या दशकात त्याने काढलेली एक युक्ती. दुकानदारांना त्याने सांगितले, सहा महिने आधी पक्की मागणी द्या, ती रद्द करता येणार नाही, त्याबदल्यात सात टक्क्यांपर्यंत सूट घ्या. दुकानदार कुरकुरले. पण एकदा पक्की मागणी हातात आल्यावर कारखान्याला किती जोड सांगायचे ते कळले आणि तोच कागद दाखवून कर्ज मागणे सोपे झाले.

हे मी त्या कबड्डीवाल्याला सांगितले. तो म्हणाला, "साहेब, ती अमेरिका हाय. हितं आगाऊ पैसं मागितलं तर लोकं म्हणतील, पोरगं शेफारलं."

मी म्हटले, बघू या. रोप हा माल बुटासारखा फडताळात ठेवता येत नाही. २५ ते ३५ दिवसांचे रोप लागणीला उत्तम. ते महिनाभर जास्त ट्रेमध्ये राहिले की मुळ्या आतल्या आत गुंडाळतात, रानात गेल्यावर फुटवा मार खातो आणि मग सभासद आमच्या खात्यावर डाफरतो. म्हणून चाळीस दिवस आधी नोंदणी झाली तर फायदा रोपवाटिकेचा जेवढा, तेवढाच शेतकऱ्याचा. कोणती जात, किती रोपे, रान कधी तयार, हे ठरवून त्या तारखेला डोळा लावता येतो. नाहीतर पाऊस पडला की सगळे एकदम धावतात आणि हाती लागेल ते रोप नेतात. को ८६०३२ सांगून भलतेच काही गळ्यात पडले, अशी तक्रार मग कोणाकडे करायची?

खर्चाचेही बघा. दोन डोळ्यांची टिपरी लावायची तर एकरी १०,००० टिपरी, म्हणजे २०,००० डोळे. रोपाने लागण केली तर तुटाळीसकट पाच-सव्वापाच हजार डोळ्यांत भागते. पाऊण बेणे वाचते. त्या वाचलेल्या बेण्याच्या पैशातूनच नोंदणीची रक्कम देता येण्याजोगी आहे, घरातून वेगळी काढावी लागत नाही.

अर्थात नोंदणीचे पैसे घेणाऱ्यानेही आपले काम चोख केले पाहिजे. मी त्याला बजावले आहे आणि आपणही रोपवाटिकेत जाऊन बघावे. बेणे बेणेमळ्यातलेच, दहा-अकरा महिन्यांचे. काणी किंवा गवताळ वाढीचे एकही बेट त्या मळ्यात दिसता कामा नये. डोळे काढल्यावर १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून दहा मिनिटे बुडवायचे, सुकवायचे आणि मग १०० लिटर पाण्यात १० किलो अॅसेटोबॅक्टर नि सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू यांत अर्धा तास. हे दोन्ही एकाच पिंपात एकदम उरकणारे महाभाग मी पाहिले आहेत. बुरशीनाशक जिवाणूंना जगू देईल का, एवढा विचार करावा.

पोराने नवी वही केली आहे. जॉन्सनच्या कार्डांची गोष्ट त्याला भलतीच आवडली. प्रत्येक पानावर सभासदाचे नाव, गट नंबर, जात, लागणीची ठरलेली तारीख आणि महिन्याने रोपे कशी आहेत याची नोंद. दर एकराला एक चतुर्थांश रक्कम नोंदणीला, बाकी रोपे गाडीत चढवताना. सूट किती द्यायची यावर आमचे एकमत झालेले नाही. मी पाच टक्के म्हणतो, तो तीनवर अडलाय. अजून चढाईतला गडीच आहे, रेषा सोडत नाही. कारखान्यामार्फत घेतलेल्या रोपांची वसुली बऱ्याच ठिकाणी बिलातून होते, ती सोय खासगी रोपवाटिकेला नाही, हेही आपण ध्यानात ठेवावे.

आता माझा स्वार्थ. माझ्या गटात अशा तीन-चार रोपवाटिका टिकल्या तर चांगल्या बेण्यासाठी मला दर हंगामात लांबून गाड्या आणाव्या लागणार नाहीत. त्या टिकणे न टिकणे आपल्या हातात आहे. जुन्या वहीतल्या मंडळींची नावे मी कोणाला सांगणार नाही. त्यातल्या दोघांनी परवा रक्कम पोहोच केली, एकाने निम्मी दिली.

आणि एक बारीकशी गोष्ट राहिली. रोपे लावून झाली की रिकामे ट्रे बांधावर टाकून देऊ नका. ते मोजून परत करा. आपल्याच एका सभासदाच्या गोठ्यात त्या ट्रेमध्ये कोंबड्यांना दाणे घातलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.