गजकर्णाची कड

मे महिन्यातली कोरडी होरपळ संपून पहिले पाऊस पडले की ग्वाल्हेरात घाम वाळेनासा होतो. परकराच्या नाडीखाली, जांघेत, काखेत ओल राहते आणि जयारोग्य रुग्णालयाच्या त्वचारोग विभागातल्या बाकांवर जागा उरत नाही. १९४६ साली शिंदे संस्थानात सुरू झालेल्या गजराराजे वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय. लष्कर भागातल्या मराठी काकूंपासून भिंड-मुरैन्याच्या शेतकऱ्यांपर्यंत सगळे इथे रांगेत असतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: खाज.

डॉक्टर चट्ट्याच्या मध्यभागाकडे फारसं पाहत नाहीत, कडेवरून बोट फिरवतात. गजकर्णाची बुरशी त्वचेतल्या केराटिनवर जगते आणि बाहेरच्या बाजूला सरकत जाते. त्यामुळे मधली कातडी निवळते, कड मात्र लाल, उंच आणि खवलेदार राहते.

पण समोर बसलेल्या काकूंच्या चट्ट्याला ती कडच नव्हती.

"काकू, काय लावत होतात?"

पर्समधून पिळून चपटी झालेली ट्यूब निघाली. "मेडिकलवाल्यानं दिली. दोन दिवसांत आराम पडला हो, मग पुन्हा दुप्पट."

ट्यूबमध्ये तीन औषधं होती: बुरशीवरचं, जिवाणूंवरचं आणि क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, पण त्वचेचा प्रतिकारही दाबतं. बुरशी बिनबोभाट पसरते, कड पुसट होते, जांघेत कायमचे पांढरट पट्टे पडतात. २०१८ साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती सर्रास मिळतात.

डॉक्टरांनी बोथट पात्याने खवले खरवडून काचपट्टीवर घेतले आणि त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला. त्यात कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशीचे तंतू टिकतात. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे दिसले. निदान पक्कं झालं.

उपचार साधे, पण चिकाटीचे. बुरशीनाशक मलम चट्ट्यावर आणि त्याबाहेर दोन बोटं लावायचं, डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात, घरात कुणाला असेल तर त्याचाही उपचार. टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद न देणारी बुरशी आता भारतभर दिसते, त्यामुळे गोळ्याही लांबतात.

बाकीचे रुग्ण प्रश्नांनीच वेगळे होतात. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे आणि घरात सगळेच खाजवतात? मग खरूज: पाच टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळव्यापर्यंत, सगळ्या कुटुंबाने एकाच रात्री लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. गांधी उठून दिवसभरात विरतात? ते पित्त. फिकट चट्टा खाजत नाही आणि कापसाचा स्पर्शही कळत नाही? तिथे कुष्ठरोगाची तपासणी, औषध सरकारी दवाखान्यात मोफत. तापात आलेले लाल ठिपके दाबूनही फिके होत नसतील तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

काकूंना चिठ्ठी देताना शेवटची सूचना मिळाली: "शेजारणीला खाज सुटली तर ही ट्यूब देऊ नका. काही न लावता तिला इकडे पाठवा."