गुपित सांगायचं नाही, सिद्ध करायचं

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या ग्राहकांची डेबिट कार्डं त्यांच्याच पाकिटात होती, आणि त्या कार्डांच्या नकला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढत होत्या. सुमारे बारा हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये परदेशात गेले, भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय बँकिंग यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाखांचा.

एवढ्या चोरीसाठी कुणाला सांकेतिक लिपीचं अवघड गणित सोडवावं लागलं नव्हतं. दोन उणिवा पुरेशा ठरल्या, आणि डिजिटल पैशाची सुरक्षा कशावर उभी असते हे त्या दोन्ही नीट दाखवतात.

पहिली उणीव कार्डाच्या पाठीवरच्या काळ्या पट्टीत होती. या चुंबकीय पट्टीवर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि पडताळणीचे काही अंक साठवलेले असतात. पट्टी कुठेही सरकवा, ती प्रत्येक यंत्राला तीच माहिती जशीच्या तशी सांगते. एकदा ती ज्याच्या हाती लागली, त्याला ती दुसऱ्या कोऱ्या कार्डावर उतरवता येते. कोऱ्या चेकवर सही करून तो दिवसभर दहा जणांच्या हातात द्यावा, तशातला हा प्रकार.

चिप असलेलं कार्ड वेगळ्या तत्त्वावर चालतं. ती सोनेरी चौकट म्हणजे छोटासा संगणकच. त्यात एक गुप्त किल्ली असते. ती त्या चिपला आणि कार्ड देणाऱ्या बँकेलाच माहीत असते, आणि चिप ती कुणालाही सांगत नाही. यंत्र चिपला रक्कम, चलन, तारीख आणि त्या क्षणी ठरवलेली एक यादृच्छिक संख्या पाठवतं. चिप त्यात स्वतःच्या मोजणीयंत्राचा आकडा मिसळते, किल्ली वापरून गणित करते आणि आठ बाइटांचं उत्तर देते. याला म्हणतात क्रिप्टोग्राम. बँक आपल्याकडच्या किल्लीने तेच गणित करते. उत्तर जुळलं तर कार्ड खरं. पुढच्या व्यवहारात मोजणीचा आकडा बदलतो, संख्या बदलते, म्हणून उत्तरही बदलतं. मधे कुणी चोरून ऐकलं, तरी त्याच्या हाती शिळं उत्तर लागतं. किल्ली अंदाजाने शोधावी म्हटलं, तर ११२ बिटांच्या किल्लीसाठी पाचापुढे ३३ शून्यं इतक्या शक्यता तपासाव्या लागतील.

फ्रान्समधल्या बँकांनी १९९२च्या अखेरीस आपली सगळी कार्डं चिपची केली होती. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने जुनी पट्टीवाली कार्डं बदलण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत आधीच दिली होती. कॉसमॉसवरचा हल्ला त्याच्या साडेचार महिने आधी झाला.

दुसरी उणीव उत्तर देणाऱ्याच्या बाजूला होती. एटीएमचा प्रश्न बँकेपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेला स्विच म्हणतात. हल्लेखोरांनी त्याला समांतर असा बनावट स्विच उभा केला, आणि तोच परस्पर ‘पैसे द्या’ म्हणत राहिला. बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत प्रश्न पोचलेच नाहीत. म्हणजे कार्डाने स्वतःला सिद्ध करणं पुरेसं नाही. ‘हो’ म्हणणाऱ्यानेही आपण बँकच आहोत हे दाखवायला हवं. चिपच्या पद्धतीत ही सोय आहे. बँकेच्या होकारासोबतही तसंच एक उत्तर येऊ शकतं आणि चिप ते पडताळून पाहते.

ऑनलाइन खरेदीत पेच आणखी वाढतो. आपण आणि दुकानाचा सर्व्हर आयुष्यात प्रथमच भेटतो, मग दोघांकडे सामाईक किल्ली यायची कुठून? उघड्या वाटेवर बोलत असतानाच ती कशी ठरवायची, हे व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी दोन किल्ल्यांची पद्धत दिली: एक जाहीर, एक खासगी. ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्सना हे गणित १९७३मध्येच सुचलं होतं, पण ते १९९७पर्यंत सरकारी कपाटात राहिलं. आज सर्व्हर आपल्या खासगी किल्लीने सही करतो आणि ब्राउझर जाहीर किल्लीने ती तपासतो. खासगी किल्ली सर्व्हरबाहेर पडत नाही.

ही सही पत्ता खरा असल्याचं सांगते, दुकानदार सच्चा असल्याचं नाही. फसव्या संकेतस्थळालाही ती करता येते. पत्त्याशेजारच्या कुलपाचा लोक भलताच अर्थ लावतात, म्हणून क्रोमने २०२३मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

कार्डाचा क्रमांक दुकानाकडे साठवून ठेवण्याची प्रथा आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२पासून बंद झाली. आता दुकानाकडे उरतं ते टोकन, म्हणजे त्या दुकानापुरताच चालणारा बदली क्रमांक. तो चोरून दुसरीकडे काही विकत घेता येत नाही.

२०१६मध्ये आलेल्या यूपीआयची रचनाही याच विचाराची. टपरीवरच्या क्यूआर कोडमध्ये एकही गुपित नसतं, असतो तो केवळ पैसे घेणाऱ्याचा पत्ता. त्यावर कुणी स्वतःचं स्टिकर चिकटवू शकतो, म्हणून पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव वाचायचं. पिन टाकण्याचा पडदा ॲपचा नसून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या सॉफ्टवेअरचा असतो. पिन फोनमध्येच जाहीर किल्लीने कूटबद्ध होतो आणि आपल्या बँकेत तपासला जातो; मधल्या ॲपला तो कळत नाही. शिवाय नोंदणीच्या वेळी सिमवरून एसएमएस पाठवून खातं त्या फोनशी बांधलेलं असतं.

मग रोजच्या फसवणुकीच्या बातम्या येतात कुठून? ज्या गुपिताला अजूनही तोंडाने सांगता येतं, तिथून. ओटीपी एकदाच चालतो, पण फोनवर वाचून दाखवता येतो. पिन तर भामट्याच्या सांगण्यावरून आपण स्वतःच टाकतो: ‘पैसे जमा होतील, फक्त पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. तरी या युक्तीने इतक्या जणांना गंडवलं, की व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५पासून बंद करावी लागली.

रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२६पासूनचे नियम एसएमएसवरच्या ओटीपीपलीकडचे मार्ग मोकळे करतात. त्यांतल्या एका मार्गात किल्ली फोनमध्ये जन्मते, तिथेच राहते, बोटाच्या ठशाने जागी होते आणि त्याच व्यवहारापुरतं उत्तर देते; असं उत्तर कार्डातली चिपही देते. अशी किल्ली तिच्या मालकालाही ठाऊक नसते, त्यामुळे त्याच्याकडून ती वदवून घेता येत नाही.

पण मर्यादा राहतेच. ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे फोनवरच्या खोट्या अटकेच्या, धाकाने कुणी स्वतःच्या बोटाने पैसे पाठवले, तर गणिताच्या लेखी तो व्यवहार निर्दोष असतो. संमती मिळाली की नाही एवढंच गणित तपासतं. ती कशी मिळवली, हे तपासणं माणसांचं काम. त्यासाठी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन क्रमांक आहे. चोरीचे पैसे अनेक खात्यांतून झपाट्याने फिरवले जातात, म्हणून लाजेने गप्प न बसता तिथे लगेच फोन केला, तर वाटेतलं एखादं खातं गोठवता येतं.