भोपळा का धरत नाही?

पावसाळा लागला की आपल्या वस्तीत घरोघरी वेल चढतात. कुणाच्या पत्र्यावर भोपळा, कुणाच्या कुडावर दुधी. भोपळ्याला पिवळीधमक फुले येतात, घरातली मंडळी आनंदतात. पण इवलासा भोपळा दिसतो न दिसतो तोच पिवळा पडून गळतो. मग कुणी म्हणते, वेलाला दृष्ट लागली. लगेच मांडवाला जुनी चप्पल टांगली जाते. आम्ही म्हणतो, ती चप्पल काढा आणि सकाळी लवकर उठून फूल नीट पाहा.

भोपळ्याला दोन प्रकारची फुले येतात. नुसत्या लांब देठावरचे ते नर फूल. ज्याच्या बुडाशी छोटी गोळी असते, ते मादी फूल. नर फुलातली पिवळी भुकटी म्हणजे परागकण. ते मादी फुलात पोचले, तरच फळ धरते. भोपळ्याचे पराग जड व चिकट. वाऱ्याने ते जात नाहीत. ते नेते मधमाशी. ती येते मधासाठी. तिच्या केसाळ अंगाला पराग चिकटतात आणि पुढच्या फुलात सांडतात. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्यात माशी आली नाही, तर गोळी गळणारच.

मधमाशीसारखे आणखीही मजूर आहेत. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, त्यावर पतंग येतात. सीताफळाच्या फुलात बारीक भुंगेरे शिरतात. काटेसावरीवर मैना, बुलबुल येतात. मोहाच्या फुलांवर रात्री वटवाघळे येतात. ज्यांना अशुभ समजून आपली मुले दगड मारतात, तीच ही वटवाघळे!

माशी आलीच नाही तर? या प्रश्नाचे उत्तर एका बारा वर्षांच्या गुलाम मुलाने दिले. हिंदी महासागरात रीयुनियन बेटावर तेव्हा फ्रेंचांचे राज्य होते. मेक्सिकोतून आणलेला व्हॅनिलाचा वेल तिथे वाढे, फुले, पण शेंगा धरत नसत. कारण मेक्सिकोच्या रानातल्या माश्या तिथे नव्हत्या. एडमंड हा जन्मतःच आईला पारखा झालेला मुलगा. त्याच्या मालकाने त्याला भोपळ्याच्याच कुळातल्या एका वेलाचे पराग हाताने लावून दाखवले होते. 1841 मध्ये एडमंडने बारीक काडीने व्हॅनिलाच्या फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग दाबले. शेंग धरली! आजही बहुतेक व्हॅनिला याच रीतीने पिकते.

पुढे एका नामांकित वनस्पतितज्ज्ञाने हे श्रेय आपलेच असल्याचे सांगितले. तेव्हा जुन्या मालकानेच एडमंडच्या बाजूने लेखी साक्ष दिली. 1848 मध्ये एडमंडची गुलामी सुटली, त्याला अल्बियस हे आडनाव मिळाले. बेटावर व्हॅनिलाने लोक श्रीमंत झाले. एडमंड मात्र 1880 मध्ये दारिद्र्यातच वारला.

माता-भगिनींनो, उद्या सकाळी हा प्रयोग मुलांच्या हातून करवून घ्या. ताजे नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. औषध मारायचेच असेल तर संध्याकाळी, फुले मिटल्यावर मारा. म्हणजे माश्या वाचतील. आणि भोपळा धरला, की त्याची भाजी वाढताना मुलांना एडमंडचे नाव जरूर सांगा.