हुतू-तुत्सी बातमीदारांची जोडी

ऑक्टोबर १९९३मध्ये आफ्रिकेतल्या बुरुंडीचे हुतू समाजातले पहिले राष्ट्राध्यक्ष मेल्शिओर एन्दादाये यांची तुत्सी समाजातल्या सैनिकांनी हत्या केली आणि देशात यादवी पेटली. पुढच्याच वर्षी शेजारच्या रवांडात ‘आरटीएलएम’ रेडिओ तुत्सींना ‘झुरळे’ म्हणत कत्तलीला चिथावणी देत होता.

अशा काळात, १९९५मध्ये, बुरुंडीतल्या बुजुंबुरात ‘स्टुडिओ इजाम्बो’ हा रेडिओ स्टुडिओ सुरू झाला.

पैसा परदेशी, संस्था अमेरिकी. बातमीदार मात्र बुरुंडीचेच. वार्तांकनाला एक हुतू आणि एक तुत्सी अशी जोडी जाई. एकट्याने जिथे पाऊल टाकणे जिवावरचे, तिथे दोघे मिळून दोन्ही बाजू ऐकत. स्टुडिओचे खरे मोल या पद्धतीत आहे. हुतू आणि तुत्सी शेजाऱ्यांवरची स्टुडिओची नभोनाट्य मालिकाही गाजली.

हा स्टुडिओ स्थानिक बातमीदारांचा होता; थेट परदेशी प्रसारणावर मात्र पुढे सत्तेचा राग ओढवला. २०१९मध्ये बुरुंडीने बीबीसीचा परवानाच रद्द केला.