थ्रेड कुणी वाचत नाही? सीमाभागातून लिहिणाऱ्यांचे काही गैरसमज

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि मुंबई राज्यातला बेळगावचा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक, राज्यात गेला. सीमाभागातले मराठी भाषक तेव्हापासून हा दिवस काळा दिन म्हणून पाळतात, आणि त्याच दिवशी बेळगाव शहरात कर्नाटक राज्योत्सवही होतो. एवढ्या गुंत्याचा इतिहास सोशल मीडियावर सांगायचा तर एक पोस्ट पुरत नाही, म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडून थ्रेड लिहिले जातात. कळकळ असते, माहितीही असते, तरी ते फारसे वाचले जात नाहीत अशी तक्रार ऐकू येते. त्यावर ठरलेले सल्ले मिळतात: थ्रेड आटोपशीर ठेवा, सुरुवात झणझणीत करा, हॅशटॅग भरपूर लावा. माझ्या मते दुखणे दुसरीकडेच आहे. थ्रेड वाचकाला सलग क्वचितच मिळतो. मधलीच एखादी पोस्ट रीपोस्ट होऊन किंवा स्क्रीनशॉट होऊन त्याच्यापर्यंत येते, आणि ती एकटी काय सांगते यावर तो बाकीचे उघडायचे की नाही ते ठरवतो.

पहिला गैरसमज लांबीचा. लांब थ्रेड वाचलेच जात नाहीत असे मानून लोक पोस्टची संख्या कमी करतात आणि मग प्रत्येक पोस्टमध्ये मजकूर कोंबतात. इथे देवनागरीचा हिशेब माहीत हवा. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, २०१७ पासून एका पोस्टला २८० चिन्हांची मर्यादा आहे. पैसे भरणाऱ्यांना २०२३ पासून त्याहून मोठी पोस्ट लिहिता येते. ही मोजणी आपण उच्चारतो त्या अक्षरांची होत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘महाराष्ट्र’ डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत दहा चिन्हे खातो. ‘निपाणी’ सहा खाते. कन्नड लिपीलाही हाच नियम लागू आहे. म्हणजे मराठीत एका पोस्टला साधारण चाळीसेक शब्द मिळतात, आणि पोस्ट वाढल्या तर तो लिहिणाऱ्याचा दोष नव्हे.

चाळीस शब्दांत काय बसवायचे, हा खरा प्रश्न आहे. ‘महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला दिली होती’ असे वाक्य सीमाप्रश्नावरच्या थ्रेडमध्ये सहज येऊ शकते. लिहिणाऱ्याने पुढच्या पोस्टमध्ये उरलेली माहिती दिलेलीही असेल, पण फिरते ते हेच एक वाक्य, आणि ते अर्धवट आहे. त्याऐवजी असे लिहून पाहा: ‘महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावे, बेळगाव म्हैसूर राज्यातच राहावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, केंद्राने तो अमलात आणला नाही.’ एवढे सगळे दोनशे चिन्हांच्या आत बसते. यात वर्ष आहे, कुणी काय केले ते आहे, आयोगाने निकाल दिला नव्हता हे आहे, आणि आपल्या बाजूला न रुचणारी गोष्टही आहे.

यावर आक्षेप येतो की अशी पोस्ट सपक होते, उत्सुकता उरत नाही. मला उलटे वाटते. निपाणीची शिफारस होऊनही निपाणी कर्नाटकातच का राहिली, हा प्रश्न या दोन वाक्यांतून आपोआप उभा राहतो आणि वाचक पुढे सरकतो. अर्धवट वाक्य वाचून विरोधक भांडायला येतो, समर्थक टाळी देतो, आणि दोघेही तिथूनच परत जातात.

झणझणीत सुरुवातीने प्रतिसाद वाढतो, हा समज पूर्ण खोटा नाही. राग पसरतो, हे मान्यच करायला हवे. पण ट्विटर कंपनीनेच मार्च २०२३ च्या अखेरीस कुठली पोस्ट वर दाखवायची हे ठरवणाऱ्या प्रणालीचा काही भाग खुला केला, त्यातले आकडे बोलके आहेत. पोस्टला लाईक मिळण्याच्या शक्यतेला ०.५ इतके वजन होते आणि रीपोस्टला १. कुणी उत्तर लिहिले तर १३.५, आणि त्या उत्तराला मूळ लेखकाने प्रतिसाद दिला तर ७५. पोस्ट उघडून वाचक किमान दोन मिनिटे थांबला तर १०. उलट ब्लॉक किंवा म्यूट करण्याला उणे ७४, आणि तक्रार नोंदवण्याला उणे ३६९. ही वजने कंपनी केव्हाही बदलू शकते, म्हणून त्यांवर मंत्रासारखा विश्वास ठेवू नये. तरी शंकांना शांतपणे उत्तरे देत बसणारा लेखक चिथावणी देऊन निघून जाणाऱ्यापेक्षा तोट्यात राहतो, असे यातून मुळीच दिसत नाही.

चिथावणीची किंमत आपल्या भागाने मोजलेली आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगडफेक झाली. १४ डिसेंबरला दिल्लीत दोन्ही राज्यांच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या, एकनाथ शिंदे आणि बसवराज बोम्मई यांच्या बैठकीनंतर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी सांगितले की बड्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी हा वाद भडकवायला हातभार लावला, आणि अशा प्रकरणी गुन्हे नोंदवले जातील. बनावट खाते आणि प्रामाणिक थ्रेड एका मापाने मोजता येणार नाहीत. पण संदर्भ तुटलेली प्रामाणिक पोस्टही त्याच वाटेने त्याच मोबाईलपर्यंत जाते, आणि घेणाऱ्याला दोन्हींतला फरक दिसत नाही.

मांडणीचे बाकीचे समज थोडक्यात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर पत्रकातून उचलून तसाच चिकटवला तर पोस्टमध्ये अगम्य चिन्हे उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. इंग्रजीत ठळक अक्षरांचा आभास देणारी चिन्हे वापरतात, देवनागरीसाठी तशी चिन्हेच नाहीत. जोर द्यायचा तर वाक्यरचनेतून आणि मोकळ्या ओळीतून द्यावा. संपूर्ण मजकुराचे चित्र करून टाकले तर अंध वाचकाचे स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. नकाशा टाकावाच लागला तर त्याचे वर्णन लिहायला हजार चिन्हांची वेगळी जागा असते. ‘३/११’ असे क्रमांक ॲपमध्ये अनावश्यक वाटतात, पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटला तेवढीच एक खूण असते की गोष्ट अजून बाकी आहे.

आणखी एक वाचक आपण विसरतो: शेजारचा कन्नड भाषक. भाषांतराचे बटण दाबून तो एकेक पोस्ट सुटी वाचतो. ‘त्यांनी मग तेच केले’ या वाक्यातून त्याच्या हाती काहीही लागत नाही. नाव, वर्ष आणि गाव लिहिले तर बरेच लागते. म्हणून थ्रेड टाकण्याआधी त्यातली कुठलीही एक पोस्ट या प्रश्नाची माहिती नसलेल्या माणसाला दाखवा आणि त्याला काय कळले ते विचारा. महाराष्ट्राचा ८६५ गावांचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. थ्रेडच्या शेवटच्या पोस्टमध्ये विजयाची घोषणा करण्याऐवजी एवढे जरूर लिहा.