पक्षाघात : मेंदूचा रक्तपुरवठा आणि साडेचार तासांचे गणित

पाथर्डी तालुक्यातील तिसगाव परिसरात एखाद्याचे तोंड अचानक वाकडे झाले, हातपाय लुळे पडले की ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याची पद्धत आहे. आयुर्वेदानेही पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली असल्याने या शब्दाला परंपरा आहे. मात्र त्यामागोमाग मालिश आणि अंगारा सुरू झाला की बहुमोल वेळ हातचा जातो. वस्तुतः बिघाड मेंदूच्या रक्तवाहिनीत झालेला असतो.

हा बिघाड दोन प्रकारचा. रक्तवाहिनीत गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो, किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत अथवा मेंदूभोवती रक्तस्राव होतो. मुंबईत 2005-06 मध्ये झालेल्या नोंदणीत सुमारे 80 टक्के रुग्ण पहिल्या प्रकारचे आढळले. बाहेरून दोन्हींतला फरक खात्रीने ओळखता येत नाही आणि उपचार तर परस्परविरोधी! गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या प्रकारात तारक, तर दुसऱ्यात जीवघेणे ठरते. म्हणूनच आधी सीटी स्कॅन आवश्यक असतो आणि घरच्या घरी रक्त पातळ करणारी गोळी देणे धोक्याचे ठरते. हे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तिसगावहून करंजी घाटाच्या वाटेने अहिल्यानगर सुमारे 40 किलोमीटर आहे. अंतर फार नाही. वेळ जातो तो निघण्यापूर्वी.

गुठळी गळ्यातील रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीच्या थरावर तयार होते, किंवा हृदयाचे ठोके अनियमित असल्यास तेथून वाहत येते. सांधेज्वराने हृदयाची झडप खराब झालेल्या तरुणांनाही त्यामुळे पक्षाघात होऊ शकतो. मधुमेह, तंबाखू, मद्यपान ही इतर कारणे आहेतच. परंतु दोन्ही प्रकारांमागील सर्वांत मोठा शत्रू म्हणजे उच्च रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या जातात. ऊसतोडणीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या पाथर्डीकरांच्या बाबतीत तर औषधात खंड पडणे सहज शक्य आहे.

हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार असल्याचा समजही खरा नाही. गडचिरोलीतील 86 गावांमध्ये 2011 ते 2013 या काळात ‘सर्च’ संस्थेने केलेल्या अभ्यासात दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झाल्याचे दिसले आणि त्यांतील बहुतेक रुग्ण घरीच दगावले होते.

काही वेळा हाताची शक्ती जाते, बोबडी वळते आणि थोड्याच वेळात सारे पूर्ववत होते. घरचे निश्चिंत होतात. पण ही मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते आणि त्याच दिवशी तपासणी हवी. चेहरा एका बाजूला ओघळणे, हात वर न राहणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण झोपेतून उठल्यावर लक्षणे आढळली, तर तो शेवटचा व्यवस्थित केव्हा होता, ती वेळ डॉक्टरांना सांगावी. साडेचार तास तेथूनच मोजले जातात.