पदव्युत्तर मूल्यमापनात श्रेणीऐवजी ‘उत्तीर्ण-अनुत्तीर्ण’ हा पर्याय : एक विवेचन

प्रस्तावना :
सांगलीच्या विश्रामबाग परिसरात दोन जुन्या शिक्षणसंस्था शेजारी नांदतात. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचे, तर वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचे. वालचंदला २००७ मध्ये स्वायत्तता मिळाली. स्वायत्ततेबरोबर अभ्यासक्रमाप्रमाणेच मूल्यमापनाची पद्धती ठरविण्याची जबाबदारीही महाविद्यालयाकडे येते. त्यामुळे आजवर विद्यापीठाच्या परीक्षा विभागावर सोपविलेला एक प्रश्न आता महाविद्यालयीन प्राध्यापकांनाच सोडवावा लागणार आहे. एम. ए., एम. एस्सी. किंवा एम. टेक.च्या विद्यार्थ्याने एखादा विषय श्रेणी न घेता केवळ ‘उत्तीर्ण’ या शेऱ्यावर पूर्ण करावयाचे ठरविले, तर त्याचे काय साधते आणि काय गमावते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्रेणीची घडण :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५ आणि ‘पी’ला ४ श्रेणीगुण आहेत. ‘एफ’ म्हणजे शून्य. ही अक्षरे गुणांच्या जाचातून सुटका करण्यासाठी आली असे मानले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. ‘बी प्लस’ची खालची मर्यादा ५५ टक्क्यांपेक्षा व ‘बी’ची ५० टक्क्यांपेक्षा कमी नसावी, अशी शिफारस आयोगानेच केली आणि त्याचे कारणही दिले : सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला सर्वसाधारण प्रवर्गात ५५, तर राखीव प्रवर्गात ५० टक्के लागतात. नेट परीक्षेच्या पात्रतेत तर हे ५५ टक्के अपूर्णांक पूर्ण न करता मोजले जातात. ५४.९ टक्के मिळालेला सर्वसाधारण प्रवर्गातील विद्यार्थी दाराबाहेरच राहतो. म्हणजे अक्षरामागे टक्केवारी उभीच आहे.

उलट एकदा हे दार ओलांडले की बारीक फरकांना फारसे मोल उरत नाही. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयीन पदासाठी उमेदवारांची प्राथमिक निवड करताना पदव्युत्तर पदवीला ८० टक्के व त्याहून अधिक असल्यास २५, ६० ते ८० च्या दरम्यान २३ आणि ५५ ते ६० च्या दरम्यान २० गुण होते. ६१ टक्क्यांचा आणि ७९ टक्क्यांचा उमेदवार तेथे समान ठरला. एम. फिल.लाही टक्केवारीनुसार ७ किंवा ५ असे दोन दर होते. पीएच. डी.ला मात्र सरसकट २५. आपल्याकडील सर्वोच्च पदवी मुळातच ‘उत्तीर्ण-अनुत्तीर्ण’ आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रबंध स्वीकारला जातो, दुरुस्तीसाठी परत येतो किंवा नाकारला जातो. त्याला वर्ग नसतो. तरीही त्याच पीएच. डी.च्या कोर्सवर्कला २०२२ च्या नियमांनी ५५ टक्के किंवा समकक्ष श्रेणीची अट घातली आहे. (एम. फिल. ही पदवी याच नियमांनी बंद झाली.)

पर्यायाचा लाभ व धोका :
समजा, मराठीच्या एखाद्या विद्यार्थिनीस बोलींच्या सर्वेक्षणासाठी संख्याशास्त्र शिकावयाचे आहे. चार श्रेयांकांचे चार विषय. तीन विषयांत तिला ८, ८ व ७ श्रेणीगुण मिळतात, संख्याशास्त्रात ५. सरासरी ७ येते. संख्याशास्त्र ‘उत्तीर्ण’ या शेऱ्यावर घेतल्यास त्याचे श्रेयांक जमा होतात. पण सरासरीच्या भागाकारातून ते वगळले जातात आणि उरलेल्या तीन विषयांची सरासरी ७.६७ होते. सरासरी वाढणे हा येथील खरा लाभ नव्हे. एरवी ती या विषयाच्या वाटेलाच गेली नसती, हा लाभ मोठा आहे. ज्याला ५५ ची रेषा गाठावयाची आहे तो अनोळखी विषयाचा धोका पत्करत नाही. आंतरविद्याशाखीय अध्ययनाविषयी परिसंवाद पुष्कळ होतात. विद्यार्थी मात्र गुण देणारा विषय निवडतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

धोका गुणपत्रकावर आहे. आयोगाच्या श्रेणीत ‘पी’ हे अक्षर आधीच अडकलेले आहे. त्याचा अर्थ काठावर उत्तीर्ण, ४ गुण. श्रेणीविरहित ‘उत्तीर्ण’साठी तेच अक्षर वापरले आणि दुसऱ्या विद्यापीठातील लिपिकाने ते ४ असे वाचले, तर याच विद्यार्थिनीची सरासरी ६.७५ होईल, म्हणजे पर्याय न घेतल्यापेक्षाही कमी. मुंबईच्या आय. आय. टी.ने अशा अभ्यासक्रमांसाठी ‘पीपी’ व ‘एनपी’ ही स्वतंत्र जोडाक्षरे ठेवली आहेत, ती याच दृष्टीने पाहावीत.

दुसरा धोका विश्वासाचा. २०२० मध्ये कोविडच्या काळात महाराष्ट्र शासनाने अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना, आधीच्या सत्रांच्या आधारे पदवी देण्याचे ठरविले होते. आयोगाने ६ जुलैच्या मार्गदर्शक सूचनांनी परीक्षा आवश्यक ठरविली. अंतिम परीक्षेविना राज्यांना विद्यार्थी उत्तीर्ण करता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला दिला. तेथे परीक्षाच नव्हती, येथे परीक्षा असून श्रेणी नाही. हा भेद मोठा आहे, परंतु नोकरी देणाऱ्याला तो समजावून सांगावा लागेल. अमेरिकेत वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा २०२२ पासून ‘उत्तीर्ण-अनुत्तीर्ण’ झाला, तेव्हा निवासी डॉक्टरांची निवड करणाऱ्यांचे लक्ष दुसऱ्या टप्प्याच्या गुणांकडे वळले. चुरस नाहीशी होत नाही, जागा बदलते.

म्हणून हा पर्याय मुख्य विषयांना लावू नये. पूरक विषय, चर्चासत्र व क्षेत्रकार्य यांपुरता ठेवावा. निवड सत्राच्या प्रारंभी व्हावी आणि नंतर बदलता येऊ नये. अन्यथा अंतर्गत चाचणीचे गुण पाहून विद्यार्थी पळवाट काढील. शिकविणाऱ्यास ती निवड शक्यतो कळू नये, म्हणजे उत्तरपत्रिका सर्वांच्या एकाच हाताने तपासल्या जातील. उत्तीर्णतेची किमान मर्यादा ‘पी’च्या पातळीवर न ठेवता ‘बी’च्या पातळीवर ठेवावी. श्रेणी नसेल तेथे शिक्षकाने चार ओळींचा लेखी अभिप्राय द्यावा, आणि गुणपत्रकाच्या पाठीमागे, जेथे श्रेणीगुणांचा तक्ता छापलेला असतो तेथेच, हा शेरा सरासरीत धरलेला नाही असे स्पष्ट छापावे.